केरसुणीच्या पायाशी एक अक्षर

इग्नेशियस लोपीसला जुनं नाणं दाखवायला माणसं हसत येत आणि बहुतेक तोंड पाडून परत जात. वसईचा हा माणूस दुबई मरीनातल्या एका हॉटेलात बावीस वर्षं पाहुण्यांच्या बॅगा उचलता उचलता बेल कॅप्टन झाला, आणि टिपमध्ये आलेली देशोदेशीची चिल्लर बघता बघता त्याला नाण्यांचं वेड लागलं. दुबईच्या देरा भागातल्या मुनीर नावाच्या म्हाताऱ्या दुकानदाराने त्याला पारख शिकवली, आणि एक खोडही लावली: नाण्याबद्दल खोटं बोलायचं नाही, समोरचा रडला तरी. त्या खोडीपायी त्याने किती ओळखी घालवल्या! मोबाईलवर 'हे नाणं असेल तर तुम्ही करोडपती' असले व्हिडिओ बघून येणाऱ्यांना तो भिंगावरून डोळाही न काढता सांगायचा, "खलास. दोन दिरहम. म्हणजे पन्नास रुपयेपण नाहीत. चहा पिऊन जा."

चहा कॅथरीन करायची, त्याची बायको. त्यातली काही माणसं पुन्हा येत, ती आपल्या चहासाठी, असं तिचं ठाम मत होतं.

एका रविवारी दुपारी त्यांच्या करामा भागातल्या खोलीवर सगुणा आली. मूळची चिपळूणकडची. मरीनातच एका अमेरिकन मॅडमच्या घरी तिने बारा वर्षं काम केलं होतं, मॅडमची मुलगी अंगाखांद्यावर वाढवली होती. दोन वर्षांपूर्वी ती माणसं अमेरिकेला परत गेली. जाताना मॅडमने पगार चोख दिला, नवं काम बघून दिलं, आणि दारात उभं राहून सगुणाच्या मुठीत चांदीचं एक इवलंसं नाणं ठेवलं. माझ्या पप्पांचं आहे, म्हणाली, व्हेरी प्रेशस.

सगुणाने नाणं उलटसुलट करून पाहिलं. पुढे एका बाईचं तोंड, डोक्याला पंख. मागे उभी बांधलेली मोळी, थेट केरसुणीसारखी. पुढे लक्ष्मी, मागे केरसुणी, आणि केरसुणी म्हणजे तरी कोण? लक्ष्मीच. तिने नाणं आपल्या छोट्याशा देव्हाऱ्यात ठेवलं आणि पूजा सुरू केली.

सहा महिन्यांनी तिच्याच खोलीत राहणाऱ्या रुपालीने मोबाईलवर तसलंच नाणं शोधलं. "दहा सेंटचं आहे गं! चांदी धरून पंधरा दिरहम. बारा वर्षं पोर सांभाळलीस, आणि चिल्लर देऊन कटवलं तुला." त्या दिवशी नाणं देव्हाऱ्यातून उठलं आणि बिस्किटांच्या डब्यात गेलं. मॅडमच्या मेसेजना उत्तर देणंही सगुणाने तेव्हापासून बंद केलं.

"आता बुधवारी मॅडम येतेय, मुलीला घेऊन," सगुणा म्हणाली. "दोन दिवस राहणार आहेत. भेटायला बोलावलंय. भाऊ, तुम्ही चेक करून सांगा. चिल्लर असेल तर मी जाणार नाही."

इग्नेशियस जरा दचकला. आजवर माणसं पैशांसाठी येत होती. "सगुणाबाई, मी नाण्याची व्हॅल्यू सांगतो. माणसांची नाही."

"तेवढीच सांगा. पुढचं माझं मी बघते."

त्याने रुमालावर नाणं घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला. नव्या वाटीसारखं लखलखत होतं.

"हे कशाने घासलंत?"

"रांगोळीने. दर शुक्रवारी," सगुणा अभिमानाने म्हणाली. "वरून थोडी टूथपेस्ट."

इग्नेशियसने डोळे मिटले. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं जी काळपट साय धरते, तिलाच जाणकार पैसे मोजतात. ती एकदा खरवडली की गेली. 'अति तिथे माती' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते, पण कॅथरीनने डोळे वटारले तसे त्याने ते गिळले.

मग तो कामाला लागला. पंखाची पिसं बरीच शाबूत होती. मोळीचे आडवे बंध झिजलेले, पण दिसत होते. साल १९१६. ते वाचून तो खुर्चीत सावरून बसला, नाणं उलटं केलं आणि केरसुणीच्या पायाशी भिंग नेलं. तिथे मोहरीहून बारीक एक अक्षर होतं. डी.

असलं अक्षर मागाहून चिकटवणारे बदमाश पुष्कळ असतात, म्हणून त्याने नाण्याचं वजन केलं. अडीच ग्रॅम भरलं, हवं तेवढंच. दिव्याखाली तिरकं धरून अक्षराच्या कडा चारी बाजूंनी तपासल्या, जाड कॅटलॉगमधल्या फोटोशी ताडून पाहिल्या. त्याचा चहा गार झाला, आणि चहा गार होऊ देणारा माणूस तो नव्हे.

"ओरिजिनल आहे," शेवटी तो म्हणाला. "रुपालीने हे अक्षर बघितलंच नाही. डी म्हणजे डेन्व्हर. त्या वर्षी तिथल्या टांकसाळीने ही फार थोडी पाडली. पक्कं सर्टिफिकेट अमेरिकेतून आणावं लागेल, पण माझ्या अंदाजाने आज पाच-सहा हजार दिरहम. म्हणजे सव्वा लाख रुपये तरी."

सगुणा हसली नाही. त्याचे मिटलेले डोळे तिने मघाशीच पाहिले होते. "आणि घासलं नसतं तर?"

इग्नेशियसने कॅथरीनकडे पाहिलं. ती कपात बघत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला नाण्याबद्दल खोटं बोलावंसं वाटलं. देवाचं म्हणून मायेने घासलं होतं या बाईने, तिला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"चौदा हजार," तो खाली मान घालून म्हणाला. "सव्वातीन लाख रुपये. सॉरी, सगुणाबाई."

कॅथरीनने सगुणापुढे चहाचा कप सरकवला.

"मॅडमला हे माहीत असेल?" सगुणाने अगदी हळू विचारलं.

इग्नेशियसने भिंग पुन्हा उचललं. या प्रश्नाचं उत्तर नाण्यात होतं. "हे बघा. हे सगळे ओरखडे ताजे आहेत, तुमच्या रांगोळीचे. त्याखाली जुना एकही नाही. शंभर वर्षांत याला कोणी फडकंसुद्धा लावलं नव्हतं. चांदी घरात असून लोक घासत नाहीत ते कधी? ती काय आहे हे माहीत असतं तेव्हाच. त्यांच्या पप्पांना माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं, म्हणून तर व्हेरी प्रेशस म्हणाल्या. जाणूनबुजून दिलंय तुम्हाला."

सगुणाने पदर तोंडाशी धरला, पण रडू आवरलं नाही. "दीड वर्ष बोलले नाही हो मी तिच्याशी. किती मेसेज केले तिने." कॅथरीन उठली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

थोड्या वेळाने सगुणाने डोळे पुसले, पर्समधून मोबाईल काढला आणि व्हॉइस मेसेजचं बटण दाबून धरलं.

"मॅडम, सगुणा. वेन्सडे आय कम. यू नो ऑर्डर लंच. बेबी लाइक घावणे, आय ब्रिंग घावणे."

मेसेज गेला. ती क्षणभर त्याकडे बघत राहिली, मग तिने पुन्हा बटण दाबलं.

"सॉरी मॅडम. लेट रिप्लाय."