अक्कांचा मांडा

हात कोपरापर्यंत ओले करून अक्का म्हणायच्या, "सरका मांगे!" आणि आम्ही खरंच मागे सरकायचो. पुरण भरलेला गोळा त्यांच्या दोन्ही हातांवर नाचत नाचत उपरण्याएवढा पसरायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद पडायचा. खानदेशात एखादं लग्न जेवला असाल तर हे तुम्हीही पाहिलं असेल. जळगावात त्या आमच्या समोरच राहायच्या. मी पाहायचो कमी, खायचो जास्त.

एका वर्षी ओट्यावर बसल्या बसल्या त्यांची बोटं गव्हले वळल्यासारखी हलू लागली. हातात पीठ नाही, काही नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगून गोळ्या दिल्या. अक्कांना काळजी एकच. "दीड महिनावर नातनं लगीन शे. मांडा मीच करसू."

मी टेलिफोन खात्यातला कारकून, पण औषधांवर शेवटचा शब्द माझाच असतो. (बायकोला विचारू नका.) म्हटलं, "अक्का, या गोळ्या उष्ण पडतात. पेलाभर दुधासोबत घ्या." शिकलेला माणूस सांगतोय म्हणून त्यांनी ते अगदी मनोभावे पाळलं.

हात काही मोकळे झाले नाहीत. शिंदखेड्याला लग्नात पहिला मांडा खापरावर टाकतानाच फाटला. दुसराही. तिसरा त्यांनी घेतलाच नाही. "तुम्हीच करा वं," म्हणत हात धुतले आणि विडे लावणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला मी सोबत गेलो. "गोळी कशासोबत घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दूधसंगे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "अक्का, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पक्का नाका असतो. वाटेल ते आत सोडत नाही. ही गोळी ज्या दाराने आत जाते, तिथेच दुधातली प्रथिनं गर्दी करतात. गोळी बाहेरच राहते." मग नुकतंच कुठे वाचलेलंही सांगितलं, की या आजारात मेंदूतलं एक प्रथिन नीट दुमडत नाही, त्याचे गोळे साचत जातात.

"मांडाबी नीट नही दुमडा का गोळाच व्हस," अक्का म्हणाल्या. त्यांना पटलं होतं.

"पण हे दुधाचं कोणी सांगितलं?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"कोणी नही भाऊ. मन्हंच डोकं."

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी तिकिटाच्या घड्या घालत बसलो. शेवटी म्हटलं, "अक्का, माझ्यामुळे नातीच्या लग्नात..."

"ऱ्हाऊ दे. दूध चांगलं व्हतं."

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या भेटीनंतर मोजून तीनच अखाजींना, म्हणजे अक्षय्य तृतीयांना, त्यांनी मांडे केले. पहिली मला लख्ख आठवते. सणाला नात माहेरी आली होती. अक्कांनी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर गोळी घेतली आणि तासभर चुलीपाशी बसून राहिल्या. आम्ही सगळे त्यांच्या बोटांकडे बघत होतो. बोटं हळूहळू शांत झाली. गोळा हातावर चढला, पसरत गेला, खापरावर पडला. कुठेही फाटला नाही.

नात ताट हातात घेऊन उभीच. तिच्याने घास घेववेना.

"खाय ना माय," अक्का म्हणाल्या, "थंडा हुई जाई."