उतरत्या चंद्राची जागा

आमच्या मून सर्कलला एक म्हातारी कमी पडत होती. हे वाक्य लिहिताना आज मला लाज वाटते, पण तेव्हा ग्रुपवर याच शब्दांत चर्चा चालली होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

सर्कल म्हणजे गंगापूर रोडच्या आसपास राहणाऱ्या आम्ही काही जणी. कुणी डॉक्टर, कुणी बँकेत, कुणी घरून केक विकणारी. दर पौर्णिमेला धरणाच्या बाजूच्या एका फार्महाऊसवर जमायचो. आमच्यातल्या एकीने कुठल्याशा परदेशी बाईंचा ऑनलाइन कोर्स केला होता, त्यामुळे ती आमची पुढारी. वाढता चंद्र म्हणजे कुमारी, पूर्ण चंद्र म्हणजे माता, उतरता चंद्र म्हणजे वृद्धा आणि तिन्ही मिळून एकच देवी, असं ती समजावून सांगायची. मला ते मनापासून आवडायचं. माझं गर्भाशय काढलं होतं, आणि त्यानंतर आपण आता कुठल्याच हिशेबात नाही असं वाटत राहायचं. तिथे गवतावर डोळे मिटून बसलं की मोकळेपणी रडता यायचं. घरी रडायची सोय नव्हती. म्हणून सर्कलला मी नावं ठेवणार नाही. नावं ठेवायची तर मलाच ठेवायला हवीत.

त्रिपुरी पौर्णिमेला तिन्ही रूपांची पूजा करायचं ठरलं. कुमारी म्हणून केकवालीची कॉलेजातली मुलगी मिळाली, माता म्हणून नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून आलेली डॉक्टर मिळाली. वृद्धा व्हायला मात्र कुणी तयार होईना. ज्यांचे केस पिकले होते त्या ते रंगवून बसल्या होत्या. मी लिहून टाकलं, "माझ्या सासूबाई आहेत ना!" लगेच ग्रुपवर लाल बदामांचा पाऊस पडला.

सासूबाई घोटीच्या. सासऱ्यांचं तिथे तांदळाचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान विकलं आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. नवरा अंबडच्या कंपनीत, मी ऑफिसात, त्यामुळे दिवसभर त्या आणि टीव्ही. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी आमच्याकडे हळदीकुंकू असतं. त्या दिवशी पहिली बेल वाजायच्या आत त्या आपल्या खोलीत जायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. मी त्यांना कधी जा म्हटलं नाही. बसा असंही कधी म्हटलं नाही.

मी विचारलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या.

"आई, पौर्णिमेला आमच्याकडे पूजा आहे. तुम्हाला देवीच्या जागी बसायचंय."

"मला?" त्यांनी मेथीची काडी खाली ठेवली. "अगं, मी चालंन का तिथं? मी ही अशी." आणि मोकळ्या कपाळाकडे बोट नेलं.

"चालाल म्हणजे काय, तुम्हीच हव्यात. आम्ही नाही असलं काही मानत."

हे म्हणताना मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की विचारता सोय नाही.

पुढचे काही दिवस त्यांचं सारखं काही ना काही चाललेलं. उपास धरायचा का? केस धुवायचे का? ट्रंकेतली जांभळी सिल्कची साडी बाहेर निघाली, ब्लाउज कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून उसवून आणला. घोटीच्या बहिणीला फोनवर सांगताना मी ऐकलं, "सुनंनं देवीत बसवलंय मला. लय शिकलेल्या बाया हायेत तिथं, पन मानत्यात." मी स्वयंपाकघरात उभी राहून हसले. प्रेमानेच हसले, पण हसले.

पूजेतलं सगळं बोलणं इंग्रजीत होतं. आईंना कळावं म्हणून मी ते मराठीत केलं. 'हे उतरत्या चंद्राच्या देवी, आमच्यातलं जे सुकलं, जे संपलं, ते तू घेऊन जा.' मोठ्याने वाचून पाहिलं. छान लय साधली होती. ज्या बाईसाठी हे लिहिलं तिच्या कानांना ते कसं लागेल, हा विचार मनात आलाच नाही.

दिवस मावळला आणि द्राक्षबागेच्या पलीकडून चंद्र वर आला. तीन खुर्च्या मांडल्या होत्या. कॉलेजच्या मुलीच्या ओंजळीत आम्ही शेवंती घातली. डॉक्टरच्या मांडीवर गहू आणि नारळ ठेवला. आई शेजारून टक लावून बघत होत्या. मग आम्ही त्यांच्याकडे वळलो, तशा त्या उठून उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याचं दुसरं टोक दोन्ही हातांनी पुढे पसरलं. ओटी घ्यायला पसरतात तसं. सासरे गेल्यापासून त्यांची ओटी कुणी भरली नव्हती.

पहिलीने त्या पदरात एक वाळलेलं पान टाकलं आणि माझं मराठी वाक्य म्हणून पुढे जोडलं, "माझा राग तू घेऊन जा." दुसरीने पान टाकलं, "माझं मायग्रेन." तिसरीने घटस्फोटाची केस दिली. आईंनी आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मागून नारळ येतोय का म्हणून. मग पदरातल्या पानांकडे पाहिलं. मग त्यांना कळलं.

घोटीकडे आजारी माणसावरून उतारा उतरवतात आणि तिठ्यावर नेऊन ठेवतात. ठेवणारा मागे वळून बघत नाही. आमच्यातलीही कुणी वळून बघत नव्हती. आम्ही त्यांना तोंडाने देवी म्हणत होतो आणि त्यांचा तिठा करत होतो.

आमच्या पुढारीला विचाराल तर ती सांगेल की वृद्धेचा मान सगळ्यांत मोठा, कारण सगळ्यांचं ओझं पेलायची ताकद तिच्यातच असते. असेलही. पण हे आईंना आधी सांगायचं काम माझं होतं. आणि तेव्हाही मी एका शब्दात थांबवू शकले असते. पण स्टँडवर मोबाईल लावून शूटिंग चाललं होतं, सगळं किती सुंदर जमून आलं होतं, आणि त्यात विचका नको असं मला वाटलं. खरं सांगायचं तर एवढंच वाटलं. माझी पाळी आली तेव्हा मीही पान टाकलं. "माझी भीती तू घेऊन जा." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शेवटची बाई होईपर्यंत पदर मात्र खाली केला नाही.

परतताना गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या.

"कशाची भीती गं तुझी?" त्यांनी विचारलं.

मी गिअर बदलला. म्हातारी होण्याची, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? काम, फ्लॅटचा हप्ता, असं काहीतरी पुटपुटले.

"बरं," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे माझ्याकडं."

घरी आल्यावर त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. जांभळी साडी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर व्हिडिओ आला. त्यात पदर पसरून उभ्या असलेल्या आई खरोखरच सुंदर दिसत होत्या आणि खाली सगळ्यांनी हात जोडले होते. मी तो त्यांना दाखवला नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मार्गशीर्ष लागला. या वेळी चूक सुधारायचीच, असं मी मनाशी घट्ट ठरवलं. शेवटच्या गुरुवारी घट मांडला, फळं आणली, वाणाच्या पिशव्या भरल्या. बेल वाजायच्या आत आई उठून खोलीत गेल्या. थांबा म्हणायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात दारात वरच्या मजल्यावरच्या काकू दिसल्या. मग एकीमागून एक बायका येत राहिल्या. कुणीतरी विचारलं, "सासूबाई दिसत नाहीत?" मी म्हटलं, "पडल्यात जरा. बरं नाही." मी सगळ्यांना कुंकू लावलं, सगळ्यांना दूध दिलं.

शेवटची बाई लिफ्टमध्ये शिरल्यावर मी ताट घेतलं. नारळ, खण, तांदूळ, कुंकवाचा करंडा, सगळं त्यांच्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं होतं. खोलीत गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या.

"आई, पदर धरा. ओटी भरायचीय तुमची."

त्यांनी ताटाकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी नीट पाहिलं.

"बाया गेल्या का साऱ्या?"

"हो, गेल्या."

"पानं टाकलीत चारचौघींत," त्या म्हणाल्या, "आन् कुकू दार लावून व्हय?"

मी मागे वळून पाहिलं. आत येताना दार मीच लोटून घेतलं होतं.