'कुठं' न विचारणारे अप्पा

मला वाचवलं ते जिंतूरच्या मन्मथअप्पांनी. त्यांचं नाव आधी लिहिते, नाहीतर माझं रडगाणं सुरू झालं की ते मागं पडायचं. ज्याच्यापासून वाचवलं त्याचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव मात्र लिहिणार नाही. त्याला ह्या कागदावर जागा नाही.

अप्पांचं सरकी पेंडीचं दुकान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि खुर्ची असूनही बसणं पेंडीच्या पोत्यावरच. गाडीला किल्ली लावलेल्या माणसाला ते 'कुठं' म्हणून कधी विचारत नसत. पहिल्या दिवशी मला टेम्पो भरून दिला, गावांची चिठ्ठी हातात ठेवली आणि एवढंच म्हणाले, "या जाऊन." दुकानात कुणी दुसऱ्याला "कुठं निघालास?" म्हणालं की खवळायचे. "निघालेल्याला कुठं म्हनू नई, काम हुत न्हाई. एवढी बी रीत न्हाई का तुमाला?"

मी गडहिंग्लजकडची. सातवीत शाळा सुटली. टेम्पो चालवायला शिकले ते नवरा शुद्धीत नसायचा म्हणून. एक दिवस मार खाऊन निघाले ती ओळखीचं कुणी नाही अशा ह्या मुलखात येऊन अप्पांकडं ड्रायव्हर म्हणून राहिले. सिमकार्ड बदललं. वाटलं, सुटले. इकडचे रस्ते माहीत नव्हते, म्हणून सगळे वापरतात तोच नकाशा फोनवर लावून पेंड पोचवत होते.

पेडगावात पोती उतरवत होते. आवाज बंद करून ठेवलेला फोन एकदम ठणाणा वाजायला लागला. उचलून बघते तर पडद्यावर, हरवलेल्या फोनवर लांबून पाठवतात तसली, नवऱ्याची अक्षरं: 'पेडगावात काय करतेस? परवा चारठाण्याला होतीस. येतोय.'

परत कशी आले ते आठवत नाही. अप्पांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग विचारलं, "फोन कुनी चालू करून दिलता?"

"त्यांनीच. त्यांच्याच ईमेलवर."

अप्पा हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "माजा फोन भाच्यानं दिलता करून. त्याच्या नावावर. मी गावोगाव पेंड टाकायचो आन् हा घरी बसून बघायचा, मामा कोनाच्या दारात थांबला. वरीसभरात समोर दुकान टाकलं, माजी निम्मी गिऱ्हाइकं नेली. सख्खा भाचा हाय माय, सख्खा." भाच्याच्या लग्नाला अप्पा गेले नव्हते. रोज सकाळी दुकान उघडलं की त्याच्या दुकानाकडं तोंड करून चूळ टाकायचे.

मी म्हणाले, "विहिरीत टाकते हा फोन."

"येडी हायस का? त्याला लय हौस हाय ना बघायची? बघू दे की."

खाजाभाई म्हणजे अप्पांचा दोस्त, त्यांची लॉरी सरकी घेऊन तेलंगणात निघाली होती. अप्पांनी माझा फोन चार्जरसकट त्यांच्या लॉरीत ठेवला. मला त्यांनी दुसरा फोन दिला, आत सिम नाही. त्यात वेगळा नकाशा. ना ईमेल मागतो, ना नंबर. अख्ख्या जिल्ह्याचे रस्ते एकदा भरून ठेवले की नेटसुद्धा लागत नाही. मी विचारलं, "पण अप्पा, कुठं जायचं ते हापण विचारतोच की."

"इचारतो. पर पोटात ठिवतो. पयला नकाशा चावडीवर जाऊन सांगतो."

खरं सांगायचं तर पोटात ठेवणारा नकाशा अर्धवट होता. एकदा त्यानं मला बांधावर नेऊन सोडलं. अप्पा शेजारी बसून शिवारातल्या वाटा दाखवायचे, मी त्या एकेक त्यात आखून ठेवायचे.

तिकडून, वाटेतल्या एकेका गावाहून, खाजाभाईंचे फोन यायला लागले. "अप्पा, ये अब लिखरा, भैंश्याला कशाला गेलीस?" मग, "अप्पा, अब लिखरा, निर्मलला कोन हाय तुझा?" अप्पा मांडीवर थाप मारायचे. करीमनगरपर्यंत त्यांचं हसणं चाललं. मग मजकूर बदलला. सापडलीस की पाय तोडतो. जिवंत ठेवत नाही. खाजाभाई ते वाचून दाखवताना थांबायला लागले. अप्पा म्हणाले, "थांबू नका. एकेकाचा फोटो काढा."

करीमनगरच्या मिलमध्ये नवरा लॉऱ्यांमधून माझ्या नावानं ओरडत हिंडला म्हणे. खाजाभाईंनी फोन त्याच्या हातात दिला. "बाई न्हाई साब, सरकी हाय."

आणि मग लॉरी कुठून निघाली त्याचा माग काढत तो इकडं आलाच. धुळीनं भरलेली गाडी दुकानापुढं लावली. "बास झाला तमाशा. बस गाडीत." तेवढ्यात अप्पांनी पोत्यावरून न उठता एक कागद पुढं केला. ते फोटो जोडून मी पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची ती पोच होती.

"वाचा पावनं. आमी काय बी लिवलं न्हाई. समदं तुमीच लिवून दिलंय."

त्यानं वाचलं. हमाल गोळा झाले होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मीही पाहिलं, आणि पहिल्यांदा त्याची नजर खाली गेली. तो गाडीकडं वळला. त्यानं किल्ली लावली, तसे अप्पा पोत्यावरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "कुठं?"

हमालांच्या हातातली कामं थांबली. निघालेल्याला अप्पांनी तो शब्द विचारलेला मी तेव्हाच ऐकला. चांगल्या माणसाला त्यांनी तो कधी दिला नाही.

आजही फोन वाजला की मी आधी मागं वळून बघते. पण टेम्पो चालवते. अप्पांना आता कमी दिसतं. त्यांचे उपकार कसे फेडू म्हटलं की म्हणतात, "पेंड पोचव की माय." पण सकाळची ती चूळ काही चुकलेली नाही. भाच्याचा टेम्पो डांबरीवरून वळसा घेऊन जातो. माझ्या नकाशातल्या वाटा त्याला ठाऊक नाहीत, आणि मी त्या कुणाला देणार नाही. त्याच वाटांनी त्याच्या आधी पोचून त्यानं नेलेलं एकेक गिऱ्हाईक मी परत आणणार आहे. शेवटचं आलं, की अप्पांचा हात धरून त्यांना त्या दुकानासमोर उभं करीन. भाचा शटर ओढून निघाला की अप्पांनी त्याला एकदाच विचारायचं.