काकाचे स्क्रूवाले दात

काका नखानं दात वाजवे. टक टक. मंग म्हणे, "लोखंडाले कीड लागते काय बे?"

डोणगावात माहं पंक्चरचं दुकान आहे. काका रोज सकाळी तिथं येऊन बसे. मोठा कास्तकार माणूस, पण समोरचे दोन दात पडल्यापासून सून त्याले भाकर कुस्करून दे, लहान्या पोरावानी. ते त्याले लय झोंबे. म्हणून त्यानं बुलढाण्याले जाऊन जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून घेतले, वर दोन नवे दात. सोबतीले मले नेलं, म्हणजे अडाण्याच्या जोडीले महाअडाणी.

डॉक्टरीणबाईनं समजावलं, "हे दात किडणार नाहीत, पण साफ ठेवले नाहीत तर हिरडी सडेल. मग हाड झिजेल." दाताच्या बुडाशी फिरवाले बारीक ब्रश देला, फटीतून ओढाले दोरा देला. तंबाखू बंद, अन् सहा महिन्यानं दाखवाले या म्हणे.

मी हुशारी केली, "बाई, ऑइल कवा सोडायचं?"

"तुम्ही आधी तोंड बंद करा. वास येतोय."

गावात आल्यावर काकानं त्या ब्रशानं फवारणी पंपाचं नोझल साफ केलं. दोऱ्यानं कारल्याचा वेल बांधला. अन् दाताले रोज बोटानं तंबाखूचं मंजन.

"काका, बाई नाही म्हणे ना?"

"बाई खाले नाही म्हणे. घासाले कोण नाही म्हणलं?"

मले पटलं. मले सारंच पटते. मीबी एक बोट घेतलं.

काका दातानं ऊस सोलून दाखवे. तपासाले मात्र गेला नाही. "दुखूनच नाही राह्यलं, तं कायले जायचं?"

एक दिवस गालाले हात लावून आला. "पाना आन बे. जरासाक ढिल्ला झाला. कसून दे."

अन् मी खरंच पाना आणला. वरून शहाणपण असं, का रॉकेलनं धुतला! काकानं तोंड उघडलं. हिरडी लालभडक, बुडाशी पू. माहा हात थांबला.

"काऊन भेऊन राह्यला बे? ट्रॅक्टरचे नट कसतं ना?"

मी त्याले तसाच एसटीत बसवला. बाईनं दोन्ही स्क्रू काढून त्याच्या हातावर ठेवले. चकचकीत, नव्यावानी. काकानं उलटेपालटे करून पाह्यले. "याले तं काईच नाही झालं!"

"स्क्रूला नाही झालं. हाड गेलं."

"मंग दुसरे बसवा."

"कशात बसवू, काका?"

तवापासून काका दुकानाकडं फिरकला नाही. परवा शेजारच्या लग्नात दिसला, मांडवाच्या खांबाले टेकून उभा. लोकं पंगतीत बोलवत होते. तो म्हणे, "मले उपास हाये."

मी पत्रावळीवरून वरडलो, "काका, ना एकादशी ना सोमवार, कायचा उपास?"

सारी पंगत हसली. सगळ्याइच्या आंधी मीच. काकानं उपरणं तोंडाले लावलं अन् निंगून गेला.

हात धुऊन मी त्याच्या घरी गेलो. "काका," म्हणून हाक देली.

आतून कडी लावल्याचा आवाज आला.