आकाशाचा ठसा

माझा नवरा अविनाश मंगळवारी गेला. दुपारी, मस्कतच्या रुग्णालयात. संध्याकाळी मी घरी परतले.

त्याच्या खोलीत चेरीच्या लाकडाच्या भुशाचा गोडसर वास रेंगाळत होता. जपानी पद्धतीच्या लाकडी ठशांचा त्याला छंद, आणि त्या परंपरेत कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. अविनाश चित्र काढून कोरायचा. छापायची नसरीन, मस्कतच्याच अल खौद भागात राहणारी, मूळची रत्नागिरीची, शाळेत चित्रकला शिकवणारी. सुटीच्या शुक्रवारी सकाळी दोघं एका ओलसर कागदावर वाकलेली असत, फारसं न बोलता. ती दोघं बोलली असती तर मला एवढं लागलं नसतं.

ओमानमधल्याच सूर बंदराच्या किनाऱ्यावरच्या गलबताचं चित्र त्याने कोरून ठेवलं होतं. छापायचं राहिलं होतं. निदान हे एक तरी तिच्या हाताशिवाय पुरं व्हावं, म्हणून काही दिवसांनी मी दार लावून बसले. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. कोपऱ्यातल्या खाचेला कागद टेकवला की रंग जागेवर बसतो, एवढं पाहून ठाऊक होतं. गलबताची रेषा उमटली, पण वाळूचा रंग तिच्याबाहेर गेला. मग आकाशाचा ठसा उचलला आणि थबकले. कडा सोडल्या तर ते नुसतं गुळगुळीत लाकूड होतं. त्याच्या आधीच्या चित्रांतली, वर गडद आणि क्षितिजाकडे विरत जाणारी जी निळाई मी त्याची म्हणून जिवापाड जपली, ती लाकडात कुठेच नव्हती.

नसरीनला बोलवावंच लागलं. तिने माझा कागद उजेडात धरला.

"वहिनी, एसीखाली बसलात ना? कागद सुकला, आकसला. माझ्याकडून असं झालं असतं तर अविनाशभाईंनी मला घराबाहेर काढलं असतं!"

"आणि आकाश?" मी विचारलं.

"ते कोरत नाहीत. ते दर वेळी नव्याने करायचं."

तिने ओल्या फडक्याने लाकूड पुसलं, एका कडेला निळा रंग ठेवला, ब्रश आडवा फिरवत तो पाण्यात विरवत नेला, आणि कागद टेकवून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने त्याच्या पाठीवर सावकाश घासत राहिली. तो गेल्यानंतरही त्या दोघांचं काम चालूच होतं. नसरीनचे डोळे भरून आले होते. तेही मला सहन झालं नाही.

जाताना ठसे मीच तिच्या गाडीत ठेवले. माझ्या घरात ते लाकूडच राहिले असते.

आता माझ्याकडे एक प्रत आहे. तिच्यातलं गलबत त्याचं आहे, आकाश नसरीनचं.