चौदाही खुणा झाल्या, तरी गाडी बंद

बेल्याच्या रस्त्यावर अँबेसेडर दुसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा माझ्या यादीतल्या चौदाही कामांसमोर बरोबरची खूण झालेली होती.

"आता काय झालं?" मागच्या सीटवरून शेवंतावहिनींनी विचारलं.

"इंजिनला पेट्रोल येत नाही."

"म्हंजे ज्या पेट्रोलपायी गाडी चार दिवस तुमच्याकडं होती, तेच?"

मी खाली उतरून बॉनेट उघडलं. स्टिअरिंगवरचे दिगांबरभाऊ, वहिनींचे यजमान, समोर बघत बसले.

माझं आदिलाबादला गॅरेज आहे. जुन्या गाड्या माझ्याकडेच येतात, कारण नव्या मुलांना कार्बोरेटर माहीत नसतो. ही अँबेसेडर दिगांबरभाऊंच्या वडिलांची. बाबांनी ती बेला ते आदिलाबाद टॅक्सी म्हणून कित्येक वर्षं चालवली. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. गाडी चालवत नाहीत, पण रोज सकाळी फडक्याने पुसतात. ती उभी असायची गोठ्याच्या छपराखाली, कापूस भरलेल्या खोलीला लागून. तिच्यातून पेट्रोल गळायला लागलं आणि वहिनींनी शेवटचं सांगितलं : नीट होत नसेल तर सोमवारी भंगारवाला घेऊन जाईल. त्याच्याशी बोलणंही झालं होतं. आज शनिवार होता.

या गाडीची टाकी मागे, इंजिन पुढे. मधून जो लांब पाइप पेट्रोल नेतो त्याला फ्युएल लाइन म्हणतात. चार दिवसांपूर्वी गाडी पिटवर, म्हणजे गॅरेजातल्या खड्ड्यावर, घेऊन मी त्या पाइपाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर गंजाचा पापुद्राच निघाला. गोठ्याची ओल लोखंडाला सोडत नाही. आणि मध्येच हातभर निळा पाइप, दोन्ही टोकांना तारेने आवळलेला.

"हे काय, भाऊ?"

"फवारनीच्या पंपाचा पाइप. नवा होता, ताई!"

"औषधासाठी नवा. पेट्रोलनं तो कडक होतो आणि तडकतो. हा बघा."

"दोन वर्सं टिकला ना पन," भाऊ म्हणाले. पंपाच्या पाइपाची बाजू त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

अशा लाइनला ठिगळ लावायचं नसतं. पूर्ण बदलायची. जुनी निघताना तुकडे होणार हे दिसत होतं, म्हणून आधी जाड तार वाकवून तिची वळणं उतरवून घेतली. त्या तारेवरून नवा स्टीलचा पाइप वाकवला. टोकं फ्लेअर केली, म्हणजे तुतारीच्या तोंडासारखी रुंद केली, की नट आवळल्यावर जोड गळत नाही. पाइप चेसिसला घासू नये म्हणून रबरी क्लिपा लावल्या. टाकी उतरवून धुतली. जोडांना पेट्रोलची खास रबरी होज वापरली. गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवलं, सकाळी ते कोरडं होतं. यादीतलं चौदावं काम : टाकीची कॅप घट्ट बसते का? बसत होती. मला आठवतं, फारच छान बसत होती. खूण केली.

शहरात तीन किलोमीटर फिरवली, काही तक्रार नाही. वहिनी बाजाराला आलेल्या होत्या. त्यांनी अट घातली, "मिस्त्रीन संग येत असन तरच मी या गाडीत बसन." म्हणून मीही निघाले. येताना बसने परतणार होते.

पंधरा-एक किलोमीटरवर गाडी पहिल्यांदा थांबली. दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली. आता पुन्हा थांबली.

एखाद्या जोडातून हवा शिरत असेल तर पंप पेट्रोलऐवजी हवाच ओढतो. सगळे नट पुन्हा तपासले. कोरडे, घट्ट. मग कार्बोरेटरचा पाइप काढला आणि भाऊंना सेल्फ मारायला सांगितलं. पेट्रोल उडायला हवं होतं. थेंबही नाही. टाकी तर अर्धी भरलेली.

वहिनी खाली उतरून बाभळीच्या सावलीत उभ्या राहिल्या. "एक मात्र हाय, ताई. वास नाही येऊन राह्यला. पयले कापसाच्या खोलीत डोकं दुखे. मी लई कावली, तवा यायनं झाकनाले रबर बसवलं."

"कोणत्या झाकणाला?"

"पेट्रोलच्या."

मी भाऊंकडे बघितलं.

"सायकलच्या ट्यूबचा वायसर कापला," ते म्हणाले. "काऊन? घट्ट नाही बसला?"

मी मागे जाऊन कॅप फिरवली. फुस्स आवाज करत हवा टाकीत ओढली गेली.

तेलाच्या डब्याला एकच छिद्र पाडलं तर धार अडखळते. दुसरं पाडलं की सरळ पडते, कारण जेवढं तेल बाहेर येतं तेवढी हवा आत जावी लागते. टाकीच्या कॅपला त्यासाठीच बारीक छिद्र असतं. भाऊंच्या वायसरने, त्या रबरी चकतीने, ते बंद केलं होतं. आधी गंजलेल्या लाइनच्या भोकांतूनच थोडी हवा आत जायची. मी लाइन उत्तम बसवली आणि टाकीचा उरलासुरला श्वासही बंद केला.

वायसर काढला. तारेने छिद्र मोकळं केलं. सेल्फ मारला, तर पेट्रोलने माझं फडकं भिजलं. पाइप परत जोडला आणि तिथून गाडी कुठेही न थांबता बेल्याला पोचली.

"आता थोडा वास येणारच," मी वहिनींना स्पष्ट सांगितलं. "पण गाडी कापसाजवळ नको. कधीच नको."

त्यांनी अंगणापलीकडच्या कडुनिंबाकडे बोट केलं. "थितं टिनाचं छप्पर करा म्हना. गोठ्यात आता ठेवू नका."

बाबा काठी टेकत बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली. "किती डाव थांबली?"

"दोन डाव, बाबा," भाऊंनी सांगितलं.

"माह्या हातानं कदी नाही थांबली," बाबा म्हणाले आणि दार उघडून पुढच्या सीटवर बसले. भाऊंनी न विचारता गाडी पुन्हा सुरू केली.

वहिनींनी भंगारवाल्याला फोन लावला. "भाऊ, सोमवारी या, पन गाडी नाही भेटनार. ते चालून राह्यली. जुना पाइप हाय डिक्कीत, तो घेऊन जा."

बसमध्ये मी यादी काढली. चौदाव्या कामापुढे लिहिलं : 'आणि छिद्र उघडं आहे का?' मग सगळ्यात वर जागा करून एक नवीन ओळ घातली. आजही माझ्या गॅरेजमध्ये प्रत्येक जुन्या गाडीचं काम तिथूनच सुरू होतं : 'घरी गाडीला काय काय केलं, ते मालकाला विचारा. मग घरच्या बाईला विचारा.'