डाव्या गालातली गोळी

"मॅडम, दुधाचाच दात आहे ना? पडेलच की कधीतरी. काढून टाका."

साळवे सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून माझ्या मयूर विहारच्या क्लिनिकपर्यंत आले होते, परप्रांतात मराठी डॉक्टर हवी म्हणून. खुर्चीत त्यांची सात वर्षांची मुलगी रेचल, डावा गाल धरून.

"दुधाचा नाही हा. पक्की दाढ आहे, आयुष्यभराची."

त्यांचा विश्वास बसेना. कुणाचाच बसत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. सरकारी दवाखान्यात जन्म गेला माझा हे सांगण्यात. रिटायर झाले तरी सांगतेच आहे.

एक्सरे काढला. कीड नसेच्या अगदी जवळ पोचली होती. नस म्हणजे दाताचा जीव. ती गेली की पुढचं सगळं अवघड, कारण या वयात दाढेची मुळंही पुरती बनलेली नसतात. वाचवायची तर आत्ताच.

पण एक कोडं सुटेना. मी दातांना गुलाबी रंग लावून पाहिला. नीट घासलं नसेल तिथे तो चिकटून राहतो. हिच्या तोंडात जवळजवळ कुठेच राहिला नाही. उजवी बाजू चकाचक, आणि कीड सगळी डावीकडे.

"ब्रश कोण करून देतं?"

"मीच, दोन्ही वेळा. हिची आई रोज फोनवर विचारते ना. गेल्या वर्षी तिची नागपूरला ट्रान्सफर झाली."

"आणि रात्री ब्रश झाल्यावर?"

"काही नाही. फक्त एक संत्र्याची गोळी. आईचा नियम आहे."

मी हातातला आरसा ट्रेमध्ये आपटला. "ब्रश झाल्यावर गोळी? धन्य आहे तुमची!"

मग कळलं ते असं. जाताना आईने बरणीभर गोळ्या ठेवल्या होत्या. रोज रात्री एक खायची, बरणी संपली की आई येणार. आई यायची, चार दिवस राहायची आणि जाताना बरणी पुन्हा भरून ठेवायची.

तरी एका गोळीने एवढं होत नाही. मी रेचलला विचारलं, "चावून खातेस का गं?"

तिने डाव्या गालावर बोट टेकवलं. "नाही. चावली की लगेच खतम होते. मी इकडे गालात ठेवते आणि झोपते. मग आई आहे असं वाटतं."

साळवे एकदम उभेच राहिले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

मी त्यांना समजावलं. लाळ म्हणजे तोंडातली मोलकरीण, दिवसभर धूत-पुसत असते. झोपेत ती सुट्टीवर जाते. तेव्हा साखर एकाच जागी पाझरत राहिली तर दगडसुद्धा किडेल. शिवाय गोळी घशात अडकली असती तर? ते ऐकून त्यांनी लगेच खिशातून फोन काढला.

तिथूनच रेचलच्या आईला लावला आणि माझ्या हातात दिला. मी चांगलीच तापले होते. "अहो, शिकलेल्या बाई तुम्ही, एवढं कळू नये?"

ती म्हणाली, "मॅडम, दिवसातून एक तरी गोष्ट माझ्या हातची तिला मिळावी, एवढंच होतं."

माझा आवाज खाली आला. माझा मुलगा हॉस्टेलवर होता तेव्हा मी डबेच्या डबे लाडू पाठवत असे. दातांची डॉक्टर असून! कुठल्या तोंडाने रागावणार?

त्या दिवशी दाढ साफ केली. नसेवरचा किडीचा पातळ थर मुद्दाम तसाच ठेवला, खरवडला असता तर नस उघडी पडली असती; औषध भरून वर सील केलं. आता वाट बघायची. ठणका लागला तर नस गेली असं समजायचं. आणि गोळी बंद. त्याऐवजी झोपण्याआधीचा ब्रश आईने व्हिडिओ कॉलवर करायचा, दोघींनी एकाच वेळी.

अडीच महिन्यांनी रेचल आली, आईचा हात घट्ट धरून; मागे साळवे. ठणका नाही. एक्सरेत नस शाबूत. मी इतकी खूश झाले की पोरीला टाळीच दिली. पक्कं फिलिंग केलं. मग आई हळूच म्हणाली, "मॅडम, पोस्टिंग अजून एक वर्ष वाढलं. परवा निघतेय."

रेचलने आरशात दाढ पाहिली.

"डॉक्टर आंटी, ही आता पडणार नाही ना?"

"मुळीच नाही. म्हातारी होशील तोपर्यंत टिकेल."

"इतकी नको. आई परत येईपर्यंत टिकली तरी बस."

तिघंही गेल्यावर मी पुढच्या पेशंटला पाच मिनिटं बाहेर बसवून ठेवलं.

ब्रश किती वेळा करतोस, हे आम्ही डेंटिस्ट मुलांना नेमाने विचारतो. त्यानंतर काय खातोस, हे मी तेव्हापासून विचारते. आणि घरात सध्या कोण नाही, हेही.